कंपाउंडच्या भिंतीवरचे रफिकभाई

बातमी आली तीच कंसासकट. गुरुवारी सकाळी कुवेत सिटीतल्या ऑफिसखाली गाडी लावत होते, तेवढ्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या कुवेत शाखेच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज पडला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की श्री. रफिक मुल्लाणी (मंडळाचे सभासद नव्हते) यांचे आज पहाटे हृदयविकाराने निधन झाले.' माणूस गेल्याचं डोक्यात शिरायच्या आधी मला तो कंस दिसला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, माणूस मेलाय! त्याच्या मयताच्या बातमीतसुद्धा तुम्हाला सभासदत्व सुचतं? खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. एकालाही काही खटकलं नव्हतं. मी गाडीतच बसून रडले, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं रडू रागाचं होतं. आता त्याला बरेच आठवडे झाले. रडू ओसरलंय, राग आहे तिथेच आहे. म्हणून लिहायला बसले.

रफिकभाई मूळचे कोल्हापूरचे. कॉलेजच्या मैदानाला लागून त्यांच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. (कॉलेजचं नाव मी लिहिणार नाही. फुकटची प्रसिद्धी कशाला?) दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की समोर कॉलेजच्या कंपाउंडची भिंत. शाळेत जायच्या वयापासून त्या भिंतीवर बसून त्यांनी कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या मॅच बघितल्या. नववीत शाळा सुटली, भिंत सुटली नाही. पुढे एसी दुरुस्तीचं काम शिकून कुवेतला आले, अर्दियाला स्वतःचं वर्कशॉप उभं केलं, हाताखाली माणसं आली, मोठी गाडी आली, पोटही आलं. तीस वर्षांत सगळं बदललं, टीम तेवढी तीच राहिली. त्या कॉलेजात ते एक तासही शिकले नाहीत. आणि आम्ही, तिथून पदव्या घेऊन बाहेर पडलेले, त्या टीमचा कप्तान कोण हे विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघणारे लोक.

माझी त्यांची ओळख झाली ती ऑगस्टमध्ये आमचा एसी बंद पडल्यावर. इथे ऑगस्टात एसी बंद पडणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. मी नवी नवी आलेली, सतीश, म्हणजे माझा नवरा, दौऱ्यावर. रफिकभाई स्वतः आले, शिडीवर चढले, एसीचं झाकण काढलं आणि वरूनच त्यांची नजर शोकेसमधल्या माझ्या कॉलेजच्या ढालीवर गेली. वक्तृत्वाची ढाल. "काय ओ वैनी, तुम्ही आमच्या कॉलेजच्या?" मला बरं वाटलं. परक्या मुलखात आपल्या गावची बोली ऐकली की वाटतंच. मी विचारलं, तुमची बॅच कुठली? तर म्हणाले, "आमची कंपाउंडवरची बॅच." मग त्यांनी मला ढालीवरच्या सालातल्या फायनलबद्दल विचारलं. मी म्हटलं, मी कधी मॅच बघितली नाही. झालं! माणूस शिडीवरून खाली उतरला. "तीन वर्सं तिथं शिकलासा, आनि एक मॅच न्हाई बघितलासा? मग काय केलासा तिथं?" मी म्हटलं, बी.कॉम. केलं. "त्ये कुटंबी हुतंय की ओ!" घामाच्या धारा लागलेल्या, एसी उघडा पडलेला, आणि हे मला ती फायनल पहिल्या मिनिटापासून सांगतायत. मध्येच माझी पाण्याची बाटली गोलपोस्ट झाली. मी इतकी वैतागले होते... पण त्या दिवसापासून ते आमच्या घरचे झाले.

लोकांना वाटेल, मोठे फुटबॉलचे जाणकार असतील. छे! त्यांना फुटबॉल अजिबात कळत नव्हता. ऑफसाइड म्हणजे रेफ्रींनी आमच्या पोरांवर केलेला कट, हे त्यांचं ठाम मत. सतीशने एकदा मिठाच्या नि मिरपुडीच्या डब्या मांडून त्यांना ऑफसाइड समजावलं. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "हे बाकीच्यांसाठी ठीक हाय." वर्ल्ड कप शेजारच्या देशात झाला, अख्खा कुवेत वेडा झाला होता, हे मात्र ढिम्म. "त्यात आपली टीम कुटं हाय?" म्हणायचे. मैदानाजवळ चहाची गाडी लावणारा बापू हा त्यांचा लहानपणचा दोस्त. मॅच असली की बापू व्हिडिओ कॉल लावून फोन भिंतीवर विटेला टेकवून ठेवायचा. त्या फोनमध्ये निम्मा वेळ आभाळ दिसायचं, कधी बापूचा कान. मॅच बहुतेक रविवारी, आणि आपल्याकडचा रविवार म्हणजे इथला कामाचा पहिला दिवस. तरी रफिकभाई दुपारी वर्कशॉप माणसांवर सोडून घरी यायचे, कामाच्या शर्टावर मरून जर्सी चढवायचे आणि त्या आभाळाकडे बघून ओरडत बसायचे. मॅचआधी बापू फोन पोरांच्या घोळक्यात धरायचा आणि हे एकेकाचं नाव घेऊन त्यांना झाडायचे. "काल राती बारापतूर कुटं बोंबलत हुतास रे?" पोरं त्यांना रफिकचाचा म्हणायची. दर सुट्टीला ते खजुराची खोकी घेऊन जायचे आणि पोरांना स्वतःच्या हाताने भरवायचे. पोरांच्या पिढ्या बदलत गेल्या, चाचा तेच.

एकदा टीमने फायनल मारली. त्या दिवशी रफिकभाईंनी सालमियातल्या त्यांच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गुलाल उधळला. कोल्हापूरच्या माणसाला जिंकल्यावर गुलाल लागतोच, तो कुठून पैदा केला होता देव जाणे. वारा सुटलेला. सगळा गुलाल उडून मालकाच्या पांढऱ्या गाडीवर. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे आपला वॉचमन, डोक्याला हात लावून धावत आला, पाठोपाठ पांढऱ्याशुभ्र डिशडाशामध्ये, म्हणजे इथल्या पायघोळ झग्यात, मालक. शमीमभाभी, रफिकभाईंची बायको, वरच्या बाल्कनीतून "या अल्ला" करत होत्या. रफिकभाईंनी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, माझं कॉलेज जिंकलं. मालकाने त्यांच्या पिकलेल्या दाढीकडे बघितलं. मग हसून म्हणाला, "मब्रूक!", म्हणजे अभिनंदन, आणि स्वतःच्या क्लबबद्दल बोलत उभा राहिला. तो कुवेती माणूस, त्याला एका वाक्यात कळलं. आमच्या मंडळाला अखेरपर्यंत कळलं नाही.

हे मंडळ म्हणजे काय विचारू नका. वर्षातून एकदा स्नेहसंमेलन, बासुंदी, अध्यक्षांचं भाषण आणि ग्रुप फोटो. अध्यक्ष एका मोठ्या बँकेत वर बसतात आणि तिथूनच सगळ्यांकडे बघतात. मी रफिकभाईंना सभासद करून घ्या म्हणून दोन सभांत भांडले. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, भावना समजतात, पण उद्या कॉलेजसमोरचा पानवालाही सभासद व्हायचं म्हणेल." सगळे हसले. आणि त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनाला हॉलचा एसी बिघडला तेव्हा फोन कुणाला गेला? रफिकभाईंना! तेही आले, एसी चालू केला, "काय वैनी, बासुंदी झाली न्हाई व्हय अजून?" म्हणत दारात उभं राहून एक वाटी खाल्ली आणि निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कसला सल नाही. मला वाटायचं, सल लपवतायत. नववीत शाळा सुटलेला पोरगा भिंतीवर बसून आतल्या इमारतीकडे बघतोय, असं एक चित्र मी माझ्या मनाशी रंगवून ठेवलं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

गेल्या ईदला आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. त्याच सुमाराला टीमचे जुने कोच वारले होते आणि मॅचआधी माईकवरून त्यांचं नाव घेऊन पोरं शांत उभी राहिली होती. रफिकभाईंनी ते बापूच्या फोनवर बघितलं होतं. बिर्याणी वाढता वाढता म्हणाले, "मी हितं गेलो तर हितंच पुरतील. त्येचं काय न्हाई, माती सगळीकडं सारखीच. पर वैनी, मैदानात एकदा माझं नाव घ्याय सांगा. एकदाच. पोरं उभी ऱ्हायली पायजेत." भाभींनी सणाच्या दिवशी असलं बोलता म्हणून फटकारलं. ते हसले. मी हसले नाही, कारण त्यांची नजर माझ्यावरच होती. "बघा हं, तुमाला सांगून ठेवलंय."

त्यांना सुलैबिखातच्या कबरस्तानात दफन केलं. मी भाभींजवळ बसले होते. त्यांची मुलगी सना फोनवर सगळ्यांना इंग्रजीत उत्तरं देत होती, मध्येच थांबत होती. भाभींनी माझा हात धरून एवढंच विचारलं, "मैदानात नाव घेतील न्हवं?" मी म्हटलं, घेतील. न घ्यायला काय झालं? मी तेव्हा भाबडी होते.

कॉलेजला मेल केला. उत्तर आलं, मैदानावरील श्रद्धांजली फक्त आजी-माजी विद्यार्थी व कर्मचाऱ्यांनाच वाहिली जाते, सबब खेद आहे. सबब! अध्यक्षांना फोन केला, तर म्हणाले नियम तो नियम. मी म्हटलं, नियमाने तुमच्या पोरांना कधी खजूर भरवलाय? कधी दर रविवारी घसा बसेपर्यंत ओरडलाय तुमच्या टीमसाठी? ते म्हणाले, तुम्ही इमोशनल होताय. हो, होतेय! माणूस गेल्यावर इमोशनल नाही व्हायचं तर कधी व्हायचं, ताळेबंद जुळल्यावर? मी रोज फोन करायला लागले. सकाळी करत होते, संध्याकाळी करत होते. शेवटी कंटाळून त्यांनी कॉलेजच्या ऑफिसला सांगितलं की बघा काही करता आलं तर. आणि दोन दिवसांनी मला विजयी मुद्रेने कळवलं, झालं तुमचं काम, येत्या रविवारी मॅचआधी श्रद्धांजली आहे.

आम्ही सगळे भाभींच्या हॉलमध्ये जमलो. सनाने बापूचा कॉल टीव्हीवर लावला. पोरं रांगेत उभी राहिली, भाभींनी पदर डोक्यावर घेतला. माईकवरून आवाज आला... "आपल्या महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, इचलकरंजीचे निवृत्त प्राध्यापक, कैलासवासी रफिक मुल्लाणी सर यांना..." कसले प्राध्यापक? कुठली इचलकरंजी? झालं होतं ते असं. ऑफिसने रजिस्टरात नाव शोधलं, त्या नावाचा एक माजी विद्यार्थी सापडला, मग वेगळी चौकशी कशाला? नियमात बसणारा माणूस मिळाला, त्यालाच वाहून टाकली श्रद्धांजली. आणि तो माणूस होता जिवंत! धडधाकट! घरी बसून कांदाभजी खात होता, तेवढ्यात त्याची बहीण रडत दारात आली. मेलेला माणूस यांना चालत नाही, कारण तो रजिस्टरात नाही. जिवंत चालतो, कारण तो आहे. याला काय म्हणावं? मी त्या दिवशी अध्यक्षांना फोनवर जे बोलले ते छापण्यासारखं नाही, सतीश उठून आत गेला.

त्याच आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार, मी रफिक मुल्लाणी बोलतोय." एक क्षण... एकच क्षण मला खरंच वाटलं. पण आवाज वेगळा होता, मऊ, वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा. इचलकरंजीचे प्राध्यापक. बापूकडून त्यांनी माझा नंबर घेतला होता. "ताई, मी मेलो नाही याबद्दल आधी दिलगिरी व्यक्त करतो," ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "मला मिळालं ते माझं नाही. ज्याचं आहे त्याला ते पोचवलं पाहिजे. मी प्राचार्यांना भेटून येतो." गेले बिचारे. प्राचार्यांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की एकाच नावाला दोनदा श्रद्धांजली देण्याची प्रथा नाही. यांच्या प्रथांना आग लागो.

पुढच्या रविवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुन्हा भाभींकडे गेले. काही होणार नाही हे माहीत होतं, पण भाभींना एकटीने ते बघायला लागू नये एवढंच. टीव्हीवर आधी आभाळ, मग बापूचा कान. मग फोन फिरला आणि भिंत दिसली. भिंतीवर प्राध्यापकसाहेब! इस्त्रीचा शर्ट, चष्मा, पाय खाली सोडून बसलेले. बापूने चहाचं स्टूल लावून त्यांना वर चढवलं होतं. माईकवरून नेहमीच्या घोषणा झाल्या, पाहुण्यांची नावं झाली, नारळ फुटला. रफिकभाईंचं नाव नाही. टीम मैदानात उतरली, रेफ्रीने शिट्टी मारली.

बॉल हलला नाही. कप्तानाने त्यावर पाय ठेवला होता आणि मान खाली घातली होती. त्याच्या मागे एकेक करून सगळी मरून जर्सीवाली पोरं तशीच उभी राहिली. समोरच्या टीमला कुणीतरी सांगितलं असावं, त्यांचाही एक पोरगा हलला नाही. रेफ्रीने पुन्हा शिट्टी मारली, मग हातातलं घड्याळ बघितलं, मग तोही हात मागे बांधून उभा राहिला. हलगी वाजत होती ती थांबली. स्टेजवर प्राचार्य कुणाला तरी हातवारे करत होते. आणि भिंतीवरून, माईकशिवाय, त्या मऊ आवाजाच्या माणसाने जीव खाऊन ओरडून सांगितलं, "रफिक मुल्लाणी! कुवेत!" भाभी उठून उभ्या राहिल्या. सना उभी राहिली. मीही. भाभींच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. मग कप्तानाने बॉलला लाथ मारली, खेळ सुरू झाला आणि आमची टीम सडकून हरली. प्राचार्यांनी सोमवारी कप्तानाला बोलावून जाब विचारला म्हणे. कोण होता हा इसम तुमचा? तो म्हणाला, "आमचे चाचा."

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता आणि तो जाऊ नये तिथे सगळीकडे गेला. मग काय, अध्यक्षांना एकदम प्रेमाचं भरतं आलं. पुढच्या रविवारी दुपारी सुटाबुटात भाभींच्या दारात हजर, हातात फ्रेम, सोबत फोटो काढायला एक सभासद. फ्रेममध्ये प्रमाणपत्र. 'मरणोत्तर मानद माजी विद्यार्थी.' मी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण भाभींनी ती फ्रेम हातात घेतली, शेवटपर्यंत वाचली आणि परत दिली. "साहेब, तुमाला कुणी सांगितलं त्यास्नी कॉलेजात जायाचं हुतं म्हणून? सासऱ्यांनी लई धडपड केली, बाहेरनं परीक्षेला बसवतो म्हणाले, पैलवानागत मागं लागले. हे पळून भितीवर जाऊन बसायचे. कॉलेज त्यास्नी कवाच आवडलं न्हाई. म्हणायचे, टीम लई भारी, कॉलेज भिकार."

इतकी वर्षं मी रफिकभाईंच्या वतीने ज्या दरवाजावर डोकं आपटत होते, त्यातून आत जायची त्यांना कधी इच्छाच नव्हती! सभासदत्व, प्रमाणपत्र, ते सगळं आमच्याच डोक्यातलं. अध्यक्षांना देण्यासारखं फक्त तेवढंच होतं, आणि मला मागण्यासारखंही. त्यांनी मागितलं होतं एकच, मैदानात नाव. ते पोरांनी दिलं.

फ्रेम कुठे ठेवावी हे अध्यक्षांना कळेना. दार उघडं, टीव्हीवर बापूचं आभाळ, मॅच सुरू झालेली. आता निघतील असं मला वाटलं, पण घरी आलेल्याला उपाशी पाठवायची भाभींची रीत नाही. त्यांनी खजुराची ताटली पुढे केली आणि बसा म्हणाल्या. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला गेले. आम्ही तिघी एकदमच ओरडलो, "तिथं नाही!" खुर्चीच्या पाठीवर मरून जर्सी होती, ती भाभींनी धुतलेली नाही. ते दचकून सोफ्याच्या टोकाला बसले, मांडीवर फ्रेम. थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. वीस वर्षं मंडळाचे अध्यक्ष असलेल्या त्या माणसाने मग अगदी हळू आवाजात विचारलं, "यातली आपली टीम कुठली?"

सनाने तोंडावर हात ठेवला. भाभींनी पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "मरून जर्सीवाली. दोन गोलनं मागं हाय. आता गप बसा."

ते गप्प बसले.